दुपारी चारची रेघ

वरठी, ३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
रिताचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.
फोनवर मी रागावते आणि तुम्ही रेंज नाही म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. दिवाळीत तुमच्या दंडावर सेन्सर लावला, तेव्हापासून तुमच्या रक्तातली साखर इथे माझ्या मोबाइलवर दिसते. रोज दुपारी चारला तिची रेघ उसळते आणि मी शिकवत असताना मोबाइल भर वर्गात बोंबलतो. आई म्हणते, घरातला साखरेचा डबा तिने लपवलाय. मग हे कुठे चाललंय? मुलीने बापाच्या ताटात इतकं डोकावावं का, असंही मनात येतं, तरी डोकावतेच.
आईला नमस्कार. राग नसावा.
तुमची रिता

एकोडी, ९ नोव्हेंबर

चि. रिता हिस यादोरावचे अनेक आशीर्वाद.
धान कापून झाला, मळणी बाकी आहे. तुझी आई जन्मभर माझ्यावर पाळत ठेवून आहे, पण तिने कधी यंत्र चिकटवले नाही. आता जो तो दंडाकडे पाहून विचारतो, पोरगी काय म्हणून राहिली.
चोरी कबूल. चारला मी तुलारामकडे चहा घेतो. उन्हाळ्यात त्याची बायको गेली, तेव्हापासून एकटाच असतो. कधी चूल न पेटवलेला माणूस माझ्यासाठी चहा मांडतो आणि मूठभर साखर घालतो. एकदा नको म्हटले, तर म्हणाला, "काहून यादोराव, तुलेही नाही आवडला का माह्या हातचा चहा?" तेव्हा प्यालो.
आमची आठवण ठेव, आमच्या साखरेची नको.
बाबा

वरठी, २१ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.
तुमचं पत्र वाचून मी आईला फोनवर तडक सांगितलं, तो चहा बंद. त्यानंतर चारची रेघ सपाट आहे. डॉक्टर खूश झाले. तुम्हाला शाबासकी लिहायला बसले आणि पेन अडलं. तुम्ही बिनसाखरेचा घेता, की काकांकडे जाणंच सोडलंत? रेघेत साखर दिसते, कोण कुणाकडे बसलंय ते दिसत नाही. खरं काय ते कळवा. तोवर मी स्वतःला शहाणी समजणार नाही.
तुमची रिता

एकोडी, २७ नोव्हेंबर

चि. रिता हिस आशीर्वाद.
जाणेच सोडले. नाही म्हणण्यापेक्षा न दिसणे सोपे वाटले. काल तुलाराम तलावाच्या पाळीवर समोरून आला आणि मान वळवून निघून गेला. भांडला असता तर बरे होते. मळणी झाली, पण घरात मन लागत नाही. सपाट रेघ तुझ्या डॉक्टरला दाखव. मले तिचं काही कौतुक नाही. तू शिकलेली आहेस, मार्ग सांग.
बाबा

वरठी, ४ डिसेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.
डॉक्टरांना विचारलं. अर्धा कप, नावापुरती साखर आणि लगेच चालणं, एवढी सूट मिळाली. तुम्ही ती स्वतःहून सांगाल, याचा भरवसा नव्हता. म्हणून सरळ तुलारामकाकांना फोन केला. आधी त्यांनी मलाच झापलं, की हे दोस्ताने येऊन सांगायला पाहिजे होतं. शेवटी म्हणाले, "पाठव त्याले. चहा मी पाहतो." तोच निरोप काल आईजवळ दिला.
आज चारला मोबाइल वाजला नाही. मुलींना गणित घालून मी आपणहून उघडला. रेघ जराशी वर आली होती. पाहत उभी राहिले. थोड्या वेळाने ती हळूहळू उतरू लागली. म्हणजे चहा घेऊन दोघं तलावाच्या पाळीवर चालायला निघालात तर.
लोभ भरपूर वाढू द्या, बाकी सगळं बेताने.
तुमची रिता