मोकळी मोजलेली पिन

१२ मार्च, मंगळवार

इवाको गावी उतरताना आपलं विमान पट्टी संपली तरी थांबलं नाही. थेट नदीच्या चिखलात! उमे काइरी मास्तर गेले. त्यांची म्हातारी आईही गेली. बाकीचे नऊ जण खरचटण्यावर निभावले. चालवत होता मोरेआ — माझ्या बायकोच्या, गेउआच्या भावाचा मुलगा, आमच्याच घरात वाढलेला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय.

मी एका टायरमध्ये नायट्रोजन भरत होतो. डॅरिल, आमचा मालक, हँगरमध्ये येऊन शेजारी उभा राहिला. मीच ओरडलो, "बाजूला नको उभा राहूस, पुढे नाहीतर मागे हो! फुटला तर बाजूचाच माणूस जातो." इतकी वर्षं विमानांत काढली तरी याला सांगावं लागतं. मग त्याने सांगितलं.

१३ मार्च

घास उतरत नाही.

१४ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलात जाऊन आलो. मोरेआचा पाय वर टांगलाय, ओठ फुटलेत. मला बघून रडला. म्हणाला, "काका, डावं पेडल दाबलं ते खालपर्यंत गेलं. मऊ. खाली काही नसल्यासारखं. उजवा ब्रेक लागला, तर विमान उजवीकडे ओढायला लागलं, म्हणून तोही सोडला..." गेउआ त्याला गप्प करत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

बाहेर डॅरिल भेटला. "गवत ओलं होतं, टायर पाण्यावर तरंगला, त्यात पोरगा पट्टीच्या मध्यावर उतरला. ब्रेक लागला नाही असं सगळेच वैमानिक म्हणतात रे!" डावं चाक विमानाच्या पायासकट तुटून नदीत गेलंय, ते शोधताहेत.

सापडू नये, असं माझ्या मनात आलं.

१५ मार्च, शुक्रवार

इथे तरी खरं लिहावं. इथे कोण वाचतंय!

ब्रेक म्हणजे आहे काय? एकावर एक रचलेल्या थाळ्या. एक थाळी चाकाबरोबर फिरणारी, एक जागच्या जागी, पुन्हा एक फिरणारी. पेडल दाबलं की तेल दट्ट्यांना ढकलतं, दट्टे थाळ्या आवळतात, चाक थांबतं. थाळ्या झिजतात. किती झिजल्या ते सांगायला काडीएवढी एक पिन बाहेर डोकावते. थाळ्या झिजतील तशी ती आत जाते. सपाट झाली की ब्रेक बदला. पोरखेळ आहे. फक्त पिन मोजायची ती ब्रेक दाबलेला असताना. कुणीतरी वर बसून पेडल दाबायचं, किंवा आपण शिडी चढून ब्रेक लावून ठेवायचा, मग खाली येऊन मोजायचं.

आठ तारखेला, गेल्या शुक्रवारी, दुपारी रग्बीचा सामना होता. हँगर रिकामं. वर बसायला कुणी नाही, माझा गुडघा सुजलेला. मग केलं ते नेहमीचंच. ब्रेक मोकळा असतानाच पिन मोजली, पाच मिलिमीटर. मोकळ्या ब्रेकमध्ये थाळ्यांत फट असते, पिन तेवढी जास्त बाहेर दिसते, म्हणून दोन वजा केले. कागदावर लिहिले तीन. खाली सही.

ही 'दोन वजा'ची युक्ती माझीच. एकोणतीस वर्षांत मीच सगळ्यांना शिकवली. पण नव्या ब्रेकमध्ये फट दोनची असते. झिजल्यावर ती वाढते. चार होते, पाचही होते. पाचातून पाच गेले तर राहिलं काय? थाळ्या इतक्या पातळ झाल्या की दट्टे फार बाहेर येतात, तेल गळतं, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं.

पोरगा म्हणाला तसंच. अगदी तसंच!

१७ मार्च, रविवार

चर्चमध्ये काइरी मायलेकरांसाठी गायलो. म्हणजे बाकीचे गायले. गेउआने येताना विचारलंच, "तोंड का मिटून बसला होतास? एरवी तर सगळ्यांच्या वर आवाज असतो." म्हटलं, घसा बसलाय. तिने आलं उकळून दिलं. प्यालो.

२० मार्च, बुधवार

सरकारी तपासनीस बाई आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. माझा कागद समोर धरून म्हणाल्या, "तीन मिलिमीटर. ब्रेक दाबून मोजली ना?"

"मग काय तर!"

डॅरिल हसला. "बाई, गावेराची सही आहे. त्यावर मी माझी आई विमानात बसवीन." त्यांनी खूण केली आणि पान उलटलं.

इतकं सोपं होतं खोटं बोलणं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

२२ मार्च

चाक सापडलं नाही. शोध थांबवला. आज दोनदा भात घेतला मी. नालायक माणूस.

२५ मार्च, सोमवार

मोरेआला घरी आणलं. घर आमचं समुद्रात खांबांवर; तिथे जायच्या फळ्यांवर कुबड्या टेकत चालताना घाबरत होता. एके काळी याच फळ्यांवरून हा डोळे मिटून पळायचा. त्याला माशाचं कालवण दिलं. ते नुसतं चिवडत बसला.

मग म्हणाला, "काका, एक विचारू? मी ब्रेक दाबलाच नसेल असं होऊ शकतं का? सगळे म्हणतात घाबरल्यावर पाय भलतीकडेच जातो. मी रोज आठवतो. आधी नीट आठवत होतं, आता पेडलच दिसत नाही."

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "होतं असं कधी कधी, बाळा."

होतं असं! मेलो का नाही मी तिथेच.

२८ मार्च

गेउआ म्हणते, "पोर खंगत चाललंय. तुझं ऐकतो तो. जरा बोल त्याच्याशी." बोलतो म्हटलं. बोललो नाही. नोकरी जाईल, लायसन्स जाईल, तुरुंगही होईल. ते सगळं एक वेळ चालेल. पण गेउआ माझ्याकडे कशी बघेल, तिथे गाडी अडते.

३१ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये मोरेआ कुबड्यांवर उभा राहिला. पहिल्या बाकावर मास्तरांचा भाऊ बसला होता, इवाकोहून खास आलेला. मोरेआ म्हणाला, "चूक माझी आहे. मी उशिरा उतरलो, ब्रेक दाबला नाही. तसं लिहून दिलंय. तुमची आई आणि भाऊ माझ्यामुळे गेले." तो भाऊ उठला आणि त्याने याला मिठीत घेतलं. दोघंही रडले. सगळं चर्च रडलं. मीही रडलो, आणि शेजारचा माझी पाठ थोपटत होता!

नंतर अंगणात ठरलं. मोरेआने उद्या इवाकोला जायचं, डुक्कर आणि तांदूळ घेऊन, सगळ्या गावासमोर माफी मागायला. घरातली आठ माणसं बरोबर. गेउआही. डॅरिल खुशीत होता. "वैमानिकानेच कबूल केलं, प्रकरण मिटलं. आपल्या दुसऱ्या विमानाचे ब्रेक तपासवाले उघडून बघणार होते, तेही रद्द. उद्या सातला पहिली फेरी, तुमचीच माणसं नेतो. फुकट!" मी त्याचे आभार मानले. खरंच मानले.

घरी आलो. गेउआ पिशवी भरत होती, "निळा झगा नेऊ की पांढरा?" म्हणत होती. पांढरा ने, म्हणालो. आणि एकदम आठवलं.

दुसरं विमान. त्याचीही पिन मी त्याच शुक्रवारी मोजली होती. मोकळीच. दोन वजा करून.

वीस दिवस मी स्वतःच्या पापाचा हिशेब घेऊन बसलोय, आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही!

१ एप्रिल, सोमवार

सहाला हँगरमध्ये. शिडी चढलो, ब्रेक लावला, उतरून पिन बघितली. डावी पार आत बुडालेली. विमान जॅकवर घेतलं, टायरमधला नायट्रोजन सोडला, दोन्ही चाकं काढून जमिनीवर ठेवली. साडेसहाला सगळे आले. सगळ्यांसमोर सांगितलं, पहिल्यापासून. डॅरिल ओरडत होता. गेउआ माझ्याकडे बघत नव्हती. मोरेआने कुबडी टाकून माझा हात धरला. मला वाटलं मारेल. तो पुन्हा पुन्हा एवढंच विचारत राहिला, "म्हणजे मी दाबला होता ना, काका? दाबला होता ना मी?"