शेवाळूची जागा

ता. ४

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

आपल्या घरातले भांडण मिटेनासे झाले की ते लेखी तुमच्याकडे येते आणि तुमचा शेरा दोन्ही बाजूंना मानावा लागतो. खिडकीजवळचा पलंग कुणाचा, हेही तुम्हीच ठरवले होतेत. या वेळचे भांडण एका व्हिडिओगेमवरून आहे. हसू नका.

धाकट्या ठेंगूची आणि माझी जोडी ‘पाळीव-पिसाट’च्या स्पर्धेत शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचली आहे. या खेळात रानावनातले चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि त्यांतले सहा निवडून संघ करायचा. आजवरच्या लढती आम्ही घरी बसून खेळलो. पुढच्या मात्र एका सभागृहात, दुसऱ्या मजल्यावर, शेकडो माणसांत आहेत. संघाची नोंदणी वीस तारखेला बंद होते, मग बदल नाही. पाच प्राण्यांवर आमचे एकमत आहे. सहावा म्हणून ठेंगूला शेवाळू हवा.

शेवाळू म्हणजे पाण्यातली गोगलगाय. कॉलेजच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत ठेंगूचा पाय मोडला, तेव्हा अंथरुणात पडल्यापडल्या तिने ती अंड्यापासून वाढवली. पाय केव्हाच बरा झाला. पण वर्ष होत आले तरी ती घराबाहेर पडलेली नाही, हे तुम्ही जाणताच. आता म्हणते, शेवाळू संघात असेल तरच सभागृहात येईन. तो कुचकामी आहे असे मी बोलून बसले आणि तिने तुमचे नाव काढले. तिचा अर्ज येईलच.

काका, एवढ्या वेळी डोळ्यांवर कातडे ओढा आणि हो म्हणा. हरलो तर हरलो. ती दाराबाहेर पडली तरी मी भरून पावले. दिवसभर मी कारखान्यात लोकांच्या कवळ्या घासत असते, पण जीव घरी टांगलेला असतो.

लोभ आहेच, या खेपेस तो जरा जास्त करावा.

आपली,
ताई


ता. ९

चि. ठेंगूस,
अ. उ. आ.

तुझा अर्ज मिळाला. ‘शेवाळू हाच आमच्या संघाचा कणा’ हे वाक्य जोरदार आहे, पण तो पुरावा नव्हे. शीतगृहाचा तपासनीस म्हणून माझी एक पद्धत आहे: गोदामात पाऊल टाकल्याशिवाय साठ्यावर सही करायची नाही. त्यास अनुसरून मी हा खेळ आणवला आणि स्वतः खेळलो. खेळातल्या पहिल्याच गावातल्या माळीणबाईंनी माझा धुव्वा उडवला. तुझी काकू अजून हसते आहे.

आता निष्कर्ष. तुमच्या ठरलेल्या पाचांत दोन प्राणी पाण्यातले आहेत. शेवाळू तिसरा. समोरून विजेचा एकच प्राणी आला तर अर्धा संघ आडवा होईल. दुसरे असे की, शेवाळूचा एकमेव गुण चिकटून राहणे. जोडीच्या लढतीत तो चिकटून राहतो तेवढा वेळ ताईच्या प्राण्याला दोन्ही शत्रूंचा मार एकट्याने खावा लागतो. सबब, शेवाळूला संघात घेऊ नये. त्याऐवजी धोंडू या दगडी कासवाचा विचार व्हावा.

शेवाळू तुला किती प्रिय आहे, याची मला कल्पना आहे. परंतु तू मला खेळाडू म्हणून विचारलेस, म्हणून खेळाडूला द्यावे ते उत्तर दिले. माझी चूक निघाली तर दाखवून दे. शेरा मागे घेण्यात मला कमीपणा वाटणार नाही.

रागावशील ते रागाव, पण उत्तर धाड.

तुझा,
काका


ता. १३

ती. काकांस,
सा. न.

बाकी मायना लिहायला आज हात वळत नाही. मी तुमच्याकडे न्याय मागितला नव्हता, एक खोटे मागितले होते. तेवढेही तुम्हाला जमले नाही. सगळ्या जगाचे हिशेब तपासा, पण आजारातून उठलेल्या पोरीला धोंडू सुचवायचा?

तुमचे पत्र ठेंगूने वाचले. घडी घातली, पाकिटात ठेवली आणि खोलीचे दार लावून घेतले. रडली असती तर बरे झाले असते. जेवायला येते, ताटाकडे बघत जेवते आणि परत आत. आई दाराला कान लावून उभी राहते, तर आतून नुसता बटणांचा आवाज. काल मी बाहेरून म्हटले, की काकांचे राहू दे, शेवाळूलाच घेऊ. त्यावर तिने आतून विचारले, की शेरा मानायचे कबूल करून सही कुणी केली होती. अर्जाखाली सही आम्हा दोघींची होती. तुमचा हा नेमकेपणा तिच्यातही उतरला आहे.

नोंदणीला आठवडा उरला. तुम्हीच बिघडवले आहे, तुम्हीच निस्तरा.

ताई


ता. १५

चि. ताईस,
अ. उ. आ.

तुझा राग पोचला. तो रास्त आहे, आणि तरीही मी शेरा बदलणार नाही.

या वर्षात ठेंगूला घरात कुणी ‘नाही’ म्हटले आहे का, ते आठवून पाहा. खिडकी लाव म्हटली की लावली, पाहुणे नकोत म्हटले की फिरवले. आपण सगळे तिच्याशी काचेच्या भांड्याशी वागावे तसे वागलो. मीही त्यात आलो. अर्ज वाचताना मात्र मला जाणवले, की लिहिणारीने प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास बारकाईने केला आहे आणि एकाच ठिकाणी जाणूनबुजून डोळे मिटले आहेत. तिथे बोट ठेवले नसते, तर तिच्या उरलेल्या अभ्यासाचाही मी अपमान केला असता.

हे सारे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात मी चार दिवस फाटकाशी उभा राहून टपालाची वाट पाहतो आहे आणि काकूने माझी थट्टाही सोडून दिली आहे. माझे चुकले असेल तर ते फार महागात पडेल, हे मला ठाऊक आहे. एवढेच कर: दारावर थाप मारू नकोस.

माझ्यावरचा लोभ तूर्त बाजूला ठेवलास तरी चालेल, कायमचा काढून घेऊ नकोस.

काका


ता. १८

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या शेऱ्यात एक चूक आहे आणि ती मी सिद्ध केली आहे.

आधी सांगते, मी तुमच्यावर भयंकर चिडले होते. इतकी, की दार लावून तुमचे एकेक वाक्य खोडायला बसले. विजेचा मुद्दा खोडायचा तर विजेचा खराखुरा तगडा प्राणी समोर हवा. असा एकच जवळपास आहे, गल्लीच्या टोकाच्या गेमवाल्या मिशाळकाकांचा. ते दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच खेळतात, घरबसल्या कुणाशी खेळत नाहीत. मग काय करणार? आई गच्चीवर होती. मी फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत. तिसऱ्यांदा तुमचे पत्र हातात घेऊन गेले, म्हणून राग टिकला. भिंतीला खांदा घासत दुकान गाठले. मिशाळकाकांनी काही विचारले नाही, फक्त स्टूल सरकवले.

शेवाळू टिकला हो, पण त्याच्या शेजारचा प्रत्येक वेळी मेला. तिथे तुमचे बरोबर. धोंडूबद्दल मात्र साफ चूक. वेलींचे प्राणी आले की धोंडू कोसळतो, आणि आमचे पाण्यातले दोघेही वेलींनाच घाबरतात. तुम्ही एक भोक बुजवायला दुसरे पाडले. सहावी जागा मी उकरीला दिली आहे. ती घूस आहे, वीज तिच्या अंगातून सरळ जमिनीत जाते. ताईने सही केली, मीही केली.

दुकानात चारच माणसे होती. सभागृहाचे आत्ता काही विचारू नका.

शेरा मागे घेतल्याचे लेखी कळवावे, आणि माया पूर्वीइतकीच ठेवावी.

ठेंगू


ता. २६

ती. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

आम्ही हरलो. पहिली लढत जिंकलो, दुसरी गेली. ताई पडद्याकडे न बघता सारखी माझ्याकडे बघत होती. मला गरगरते का, पाणी हवे का, बाहेर जायचे का. एवढ्यात तिचे दोन प्राणी गेले. शेवटी मी तिला तिथेच झापले, की माझ्या तोंडावर कुणी हल्ला करत नाहीये, समोर बघ. पलीकडची जोडीसुद्धा हसली. पण फार उशीर झाला होता. उकरी एकटी उरली आणि छान लढून मेली.

वर जाताना काय झाले ते ताईने कळवलेच असेल. पहिल्या पायरीवर मी इतका वेळ उभी होते, की नाव पुकारून झाले होते. तिने परत जाऊ म्हटले. मी कठडा धरला आणि डोळे मिटून चढले. त्यात बहादुरी काही नव्हती, नुसती भीती होती.

सांगायचे आहे ते परतीचे. लढत संपली तशी मी पेटले होते. ताईचा तो दुसरा डाव, पाण्यातल्याला पुढे करायचा, आठवत होता आणि मी तिला एकेक चूक ऐकवत निघाले. सगळे सभागृह एकदमच सुटले होते. दप्तरे, कोपरे, ढकलाढकली. मी बोलतच होते. ताई उत्तर देईना म्हणून मागे वळले, तर ती मागे नव्हतीच. ती अजून दुसऱ्या मजल्यावर, गर्दी ओसरायची वाट बघत थांबलेली, आणि मी खाली, रस्त्याच्या दारात.

मग घाबरायचे आठवले. पण तोवर जिना संपला होता.

काकूंना नमस्कार. आपण उभयतांनी जीव लावला आहे तसाच लावत राहावा.

आपली,
ठेंगू