वाढत्या अंगाचं जाकीट

अंदमान, ५ जानेवारी २००४

आईच्या पायावर लांबून डोकं.

मी बिलकुल बरी हाय, आधी हे वाच.

समुद्राखाली उतरायच्या शिकवणीत हवा भरायचं जाकीट निवडायचं होतं. तू माझे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचीस. मी एवढी बारकी, तरी त्याच सवयीनं मोठं उचललं. पाण्यात हवा भरली तसं ते कानांपर्यंत चढलं आन् मी खालून निसटू लागले. सरांनी सगळ्यांदेखत बाहेर ओढलं.

"एवढं ढगळं का घेतलं?"

"आईची शिकवण," मी म्हणाले. सगळे हसले. मीबी हसले. त्याचीच लाज वाटून राह्यली.

आता लहान जाकीट बराबर बसलं.

शहागडला गोदावरीत पाणी हाय का? तुझी कंबर?

संक्रांतीचा झंपर ढगळाच शिव. मी तसाच घालीन.

तुझी,
शिवकांता