महेश्वरीचा डावा हात ताब्यात मिळणेबाबत

दिनांक : २९ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
करुणेश्वर धर्मादाय रुग्णालय, परभणी.

विषय : काल शस्त्रक्रियेत काढलेला माझ्या मुलीचा हात दफनासाठी आज दुपारी चारपूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे पती श्री. रुद्रेश हालगे यांनी काल सही केलेले संमतिपत्र.

महोदय,

मी सौ. त्रिवेणी रुद्रेश हालगे, वय सव्वीस, शिक्षण बी.एस्सी., राहणार पाथरी, सध्या आपल्या बालकक्षात खाट क्रमांक सातवर आहे. अक्षर वाकडे आले असल्यास माफी असावी, मुलगी मांडीवर आहे.

१. माझी मुलगी महेश्वरी, वय चार वर्षे, शनिवारी ता. २२ रोजी दुपारी घरच्या लग्नात स्टेजवरून डाव्या हातावर पडली. कोपराजवळ हाड मोडले. गावातील श्री. दत्तराव यांनी लेप लावून, बांबूच्या कामट्या घालून पट्टी आवळली. आमच्या घरातील तिघांची हाडे त्यांनीच बसवली आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पट्टी सोमवारी लिंगपूजा झाल्यावर सोडायची, असे सासूबाई श्रीमती चन्नबसम्मा यांनी ठरवले.

२. हाताला लग्नाची मेंदी होती. रविवारी बोटे काळसर दिसू लागली तेव्हा पट्टी सोडू या, असे मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मेंदी चढायलीय. लय गुणाची मेंदी हाय." पती म्हणाले, "उद्या सोमवार हायच की. एका दिवसानं काय हुतंय?" मी पट्टी तशीच राहू दिली.

३. सोमवारी पट्टी सोडली तर हात थंडगार. जीप करून आपल्याकडे आलो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितले, की मोडलेल्या हाडाने रक्तवाहिनी चेपली, त्यावर पट्टी आवळलेली, म्हणून खाली रक्त पोचत नाही. सहा तासांत यायला हवे होते. आम्ही चाळीस तासांनी आलो. तरीही त्यांनी हात टाकून दिला नाही. फुगा असलेली बारीक नळी घालून गुठळी ओढून काढली. उजव्या घोट्याजवळची शीर काढून ती कोपरात शिवली, तुंबलेल्या पाटाला बाजूने दुसरा पाट काढून द्यावा तशी. सुजेला जागा मिळावी म्हणून हात लांब चिरून उघडा ठेवला. मंगळवारी तळहात गुलाबी झाला. मी तो गालाला लावून पाहिला, कोमट होता. सिस्टरांना बोलावून दाखवला, त्याही हसल्या. बुधवारी तो पुन्हा गार पडला. पुन्हा गुठळी काढली. काल शुक्रवारी कोपराखालून हात काढला. आपल्या डॉक्टरांनी काही कमी केले नाही, हे मी लिहून देते.

४. संमतिपत्रात "काढलेला अवयव नातेवाइकांना हवा / नको" असे छापले होते. पतींनी "नको"वर खूण केली. त्या वेळी त्यांना डोळ्यांतल्या पाण्याने अक्षर दिसत नव्हते. मला दिसत होते, पण मी वाचले नाही.

५. आम्ही लिंगायत आहोत. आमच्यात पुरतात, जाळत नाहीत. आपल्या कार्यालयातील श्री. लिंबाजी यांनी सांगितले की हात ठेवलेली पिवळी पिशवी आज चारच्या गाडीने जाळण्यासाठी जाते. मी हात मागितला तर म्हणाले, "ताई, नोंद पिशवीची असती, हाताची नसती." मग म्हणाले, दफनाचा दाखला आणा. पाथरीला नगरपरिषदेत फोन केला, तर तिथून मयताचे नाव आणि मृत्यूची तारीख विचारली. महोदय, मयत कोणी नाही. ती माझ्या मांडीवर बिस्किट खात आहे. तारीख कालची घालावी, की हात गार पडला त्या बुधवारची, की पट्टी बांधली त्या शनिवारची? रकाना कोरा ठेवून चालत असल्यास तसे कळवावे.

६. सासूबाई रोज सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसतात. महेश्वरी शेजारी बसून तसाच तळहात पसरते. त्यावर त्या बेलाचे एक पान ठेवतात आणि पूजा संपेपर्यंत पोर हलत नाही. कालपासून सासूबाईंनी पूजा केलेली नाही. त्या जिन्यावर बसून आहेत. शेतात माझे सासरे कै. बसप्पा यांची समाधी आहे, तिच्याशेजारी हात ठेवावा, एवढेच त्या म्हणतात. "म्हातारा धरून बसंल तिचा हात," असे म्हणाल्या.

७. तरी पतींची "नको"ची खूण रद्द समजून हात मला द्यावा. मी आई आहे, माझी सही चालावी. पिशवी उघडावी लागल्यास ओळखीची खूण देत आहे. तळहाताच्या मधोमध मेंदीचा चंद्र आहे. चार बोटांची टोके रंगलेली आहेत, करंगळी कोरी आहे. मेंदी ओली असताना ती करंगळी तोंडात घालत होती, त्यावरून मी तिला रागावले होते. त्या एका नखाला रंग नव्हता. रविवारी दुपारी साडेचार वाजता, रक्त पोचते का ते पाहायला, मी ते नख दाबून सोडले. ते गुलाबी झाले नाही, निळेच राहिले. सोमवार उजाडायला अजून पूर्ण रात्र होती. मला ते नख कळले होते, महोदय.

आपल्या दारात थांबलेली,

(सही)
सौ. त्रिवेणी रुद्रेश हालगे

सोबत :
१) संमतिपत्राची प्रत
२) माझ्या आधार कार्डाची प्रत
३) सासूबाईंच्या पूजेचे धुतलेले पांढरे कापड, हात गुंडाळण्यासाठी