अंबाडीचा चौरंग

कडुबा भावजी,

व्हय, खरंय. तुम्ही फोनवर इचारलं अन् मी तोंड उघडायच्या आत ठेवून दिला, म्हणून लिहिते. तुमची वैनी ह्या वयात अंबाडीच्या फळ्या करती. (भाजी नाय, दोराला लागतो तो सालीचा वाख.) आशीर्वाद राह्यलाच, तो घ्या. गुडघा कसाय? तुमच्या सूनबाईला, तनुजाला म्हणावं, भावजींच्या ताटातली तिसरी भाकर कमी केली की गुडघा बरा होतो. आजवर केली नाय ते मात्र लई बरं झालं, कारण खाली येईल.

तर आमच्या हर्सूलच्या शेडात वाख साच्यात अंथरायचा, वरून रेझिन वतायचं (मधासारखं घट्ट, वासानं डोकं धरतं) अन् गरम दाबात फळी काढायची. झाड तोडायचं नाय, अन् निस्तं प्लास्टिकबी नाय. फळी वजनाला टिकली तर शाळेच्या बाकांचं काम आम्हा बायांना मिळणार होतं. नाय मिळालं तर शहर सोडून गावाकडं यायचं, हे तुम्हीच माझ्याकडून वदवून घेतलेलं. म्हणून पहिल्या फळीला मी जीव लावला. दोर वळताना आपण वाखाला पाण्याचा हात लावतो, तसाच लावला, चांगला सढळ हातानं. फळी निघाली ती टम्म, पुरीवानी! आमची इंजिनेर मनस्विनी म्हणली, "मावशी, पाण्याची वाफ होते, मग रेझिन वाखाला धरत नाही." मी म्हणलं, "आमच्या मामंजींनी असा वळलेला दोर बैलाला तुटला नाय." तर म्हणती, "बैल बाकावर बसणार आहेत का?" पोरगी माझ्याच वळणावर चाललीय.

मग वाख गच्चीवर वाळत घातला. शेजारची लक्ष्मीबाई इचारती, कुणाचं मुंडण केलं? म्हणलं, जी इचारील तिचं. चार उन्हं खाऊन वाख कडकडीत झाला अन् दुसरी फळी निघाली खणखणीत. मनस्विनीच्या यंत्रानं पास केली, पण माझा भरवसा यंत्रावर नाय, माणसावर.

यंदा बांधावर अंबाडी दाट पेरा. वाख वाळवूनच धाडा.

तुमची वैनी,
साळूबाई

ता. क. बाकांचं काम मिळालं. मी गावाकडं येत नाय.

अजून एक. दिवाळीला धाडलेला चौरंग, ज्याच्यावर बसून तुम्ही रोज जेवता अन् "अस्सल सागवान" म्हणून गावभर सांगता, तो त्याच दुसऱ्या फळीचा हाय. वर निस्ता रंग मारलाय. तुमच्याएवढा जड माणूस मला अख्ख्या संभाजीनगरात घावला नाय.