आतून सेल, बाहेरून चाकं

रहाटणी,
८ जानेवारी २०२५

ती. कुसुमआत्यास,
दिव्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. माझं लग्न मोडायची वेळ आलीय, तेही एका घड्याळापायी!

सुजितबद्दल तुला सांगितलंच होतं. चाकणला आमच्याच कंपनीत, रावेतला राहतो. रविवारी तो घरी आला. बाबांचं उभं आयुष्य गिअर कापण्यात गेलं हे त्याला माहीत, म्हणून त्यानं त्यांच्यासाठी मनगटी घड्याळ आणलं. तबकडीला खिडकी आहे, तिच्यातून आतली चाकं दिसतात. बाबा इतके हरखले की आईचे पोहे गार झाले. भिंग काय, टॉर्च काय! ‘जावईबापू’ म्हणायचंच तेवढं राहिलं होतं.

तो गेल्यावर त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत सेल! झालं. म्हणाले, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असल्या माणसाला मुलगी द्यायची नाही. सुजितनं फोनवर समजावलं की वेळ सेल मोजतो, पण बटण दाबून मधला काटा पळवायचा, थांबवायचा, परत जागेवर आणायचा, हे काम ती चाकंच करतात. बाबांनी ऐकलं आणि घड्याळ कपाटात टाकलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्याच्या घरचे येणार आहेत. त्यांना काय सांगू? मला त्याच्याशीच लग्न करायचंय, आत्या. बाबा फक्त तुला भितात. काहीतरी कर.

आजवर तरी तुझी लाडकी,
दिव्या

औसा,
१२ जानेवारी २०२५

चि. दिव्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधी पोटभर हसले, मग चष्मा पुसून परत वाचलं. तुझ्या बापाच्या लग्नात वरणात मीठ नव्हतं, तरी ते लागलं. घड्याळापायी कसलं मोडतंय! ज्योतीरामला चावी कशी द्यायची ते मला ठाऊक आहे. पुढचं त्याला मोठ्यानं वाचून दाखव.

ज्योतीराम, गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुझ्या छातीत पेसमेकर बसवला, तो कशावर चालतो रे? सेलवरच ना? ठोका तो सांभाळतो, पण काम तुझं काळीजच करतं. जिने चढतोस, जयमालाशी भांडतोस, लेकीवर जीव टाकतोस, ते काय सेल करतो होय? मग तुलाही खोटा म्हणून कपाटात टाकायचं का? अरे, सासऱ्याचं जन्माचं काम बघून भेट आणणारा आपल्यात आजवर कोण झाला? आमच्या ह्यांनी आपल्या अण्णांना टोपी आणली होती, तीही मापाची नव्हती.

दिव्या, एवढ्यानं नाही ऐकलं तर मी राहायलाच येते म्हणून सांग. तिळगूळ घ्या आणि सगळेच गोड बोला.

तुझीच,
आत्या

रहाटणी,
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
ज्योतीरामचा शि. सा. न. वि. वि.

दिव्यानं पत्र वाचलं. जयमाला तोंडाला पदर लावून हसत होती, आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. ताई, खरं सांगतो, ते यंत्र बसवल्यापासून मी स्वतःला मोडीतलाच समजत होतो. कुणाला बोललो नव्हतो. राग घड्याळावर निघाला. तुझं पत्र ऐकून फार हलकं वाटलं.

घड्याळ बाहेर काढलं. वरचं बटण दाबलं की काटा पळतो, परत दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की टक्कन बारावर. ते टक्कन येणं सेलच्या बापाला जमायचं नाही, तिथं चाक आणि तरफच लागते. तेव्हापासून दिसेल ते मोजतोय. जयमालाचं फोनवरचं बोलणंही मोजायला घेतलं, पण मीच कंटाळलो.

काल सुजितच्या घरची मंडळी येऊन गेली. बोलणी छान झाली. शेवटी सगळ्यांदेखत मी दिव्याला म्हणालो, की बाळा, मुलगा पसंत आहे का ते नीट विचार करून सांग, हवा तेवढा वेळ घे. किती घेते ते बघावं म्हणून बटणावर बोट ठेवलं.

ताई, बटण दाबायच्या आत पोरगी हो म्हणून मोकळी! काटा जागचा हललाच नाही. मीच डोळे पुसत बसलो.

लोभ आहेच, तो लग्नाआधी आठ दिवस येऊन दाखवावा.

तुझा,
ज्योतीराम