टबातला मूकपट

४ मार्च
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. जानेवारीपासून एक ओळ नाही. वहीची माफी मागायला काही जड जात नाही.
संकल्प: मूकपट काढणार. छोटा, फोनवर. कारण मुलगी. चांगली ऑफिसातली नोकरी सोडून तिने कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान काढलं. उद्घाटनाला मी पाहुण्यांसमोर म्हणालो, एवढं शिकवलं ते कुत्री धुवायला? तेव्हापासून ती आईशी बोलते, माझ्याशी नाही. माझं तोंडच वाईट. म्हणून तोंडाशिवायचा सिनेमा. ही माफी नव्हे, कलाकृती आहे.

५ मार्च
कथा तयार. गर्विष्ठ म्हातारा कुत्र्याला हिडीसफिडीस करतो. पाय घसरून टबात पडतो. कुत्राच त्याला ओढून काढतो. म्हातारा कुत्र्याला साबण लावतो. समाप्त.
म्हातारा मी. कुत्रा शेजाऱ्यांचा. शेजारी माझा फोन धरणार. (फोनचा आवाज दवाखान्यात बंद केला, तो अजून बंदच. मला फोन येतो कोणाचा?) बायको म्हाताऱ्याची बायको, शिवाय कॅमेऱ्यासमोर पाट्या धरणार. पाट्यांची चिंता नाही, जन्मभर दुकानांच्या पाट्याच रंगवल्या. ‘अरेरे!’ झकास उतरली. बायको म्हणाली, अरेरे झालं, आता ‘माझं चुकलं’ रंगवा. त्याला काय जास्त रंग लागतो? दुर्लक्ष केलं.

८ मार्च
मूकपट काळापांढरा हवा आणि आमचा टब लालभडक. बसून राखाडी रंग दिला. मग शेजारी म्हणाले, आजोबा, फोनमध्ये बटण असतं, सगळं काळंपांढरं होतं. आधी सांगायला काय झालं होतं?

९ मार्च, दुपार
शूटिंग. तोंडाला पावडर, काजळाच्या मिशा. जुन्या मूकपटात माणसं भरभर चालतात, म्हणून मीही भरभर चाललो. गुडघा गेला. त्यालाही बटण असतं म्हणे.
बायकोला कपाळावर हात मारायचा होता. पहिल्याच फटक्यात जमलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून तोच सराव. मी टबात पडलो. ठरल्याप्रमाणे कुत्र्याने ओढायचं, तर तो माझी टोपी घेऊन पसार. टबाचा रंग वाळलेला नव्हता, तो पँटीला आला. शेवटी बायकोने ओढून काढलं. साबण कुत्र्याऐवजी मलाच लागला.
मी पूर्ण वेळ ओरडून सूचना दिल्या. मूकपटाचा फायदाच हा. काहीही बोला, ऐकू येत नाही.

१० मार्च
पाहिला. तोंड हलतंय, आवाज शून्य. अस्सल! लगेच मुलीला पाठवला.

१३ मार्च
उत्तर नाही. पुन्हा पुन्हा पाहत असणार. अशा कामाला वेळ लागतो.

१५ मार्च
उत्तर आलं. बायकोच्या फोनवर. बाबांना म्हणावं, सिनेमा एकदा आवाज वाढवून बघा.
बायकोने माझ्या फोनचा आवाज वाढवला. मूकपटात मी अखंड बोलतोय! फोन नीट धरा, पाटी उलटी आहे, कुत्र्याला अक्कल नाही. आमचा कुत्रा शिकलेला आहे, हे शेजारी.
मग टबाशी बायकोचा आवाज, धापा टाकत: एवढा आटापिटा लेकीसाठीच ना?
माझा आवाज: तिचं नाव काढू नकोस!
पाणी हललं. पुन्हा माझाच: दिवसभर पाण्यात हात घालून तिचे हात फुटत असतील गं. मलम लावते का?
बायको: विचारा की तिलाच.
मी: कुठल्या तोंडाने विचारू? चुकलंच माझं. पण तिला सांगू नकोस.
हळू बोललो होतो. फोनने तेवढंसुद्धा सोडलं नाही.
 बायकोने या वेळी कपाळावर हात मारला नाही. पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.
आता नाही म्हणायची सोय उरली नाही. कलाकृती गेली पाण्यात. फोनचा आवाज पूर्ण वाढवून समोर ठेवलाय. मघाशी वाजला, तर कर्ज हवंय का विचारत होते.
पोरी, ऐकलंस ना सगळं? मग एक ओळ टाक. शिवी असली तरी चालेल. मलमाचं मात्र नक्की कळव, आणि लवकर.